गच्चीवरची ओटी

रायपुरातल्या बूढापारा वस्तीतल्या दाणींच्या मंदाकिनीला आजारी पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि रागावलेली नाही असंही क्वचितच पाहिलं होतं. लग्नाच्या नव्या दिवसांत तिचा नवरा बंडू म्हणायचा, की हिला राग शोभून दिसतो. पुढे त्यानं हे म्हणणं सोडलं. राग काही तिला सोडून गेला नाही.

ती मूळची गोंदियाची. वडील मालगाडीवर गार्ड. रायपूरला सून होऊन आली तेव्हा हे गाव मध्य प्रदेशात होतं आणि साध्या कामाच्या कागदालाही भोपाळचं तोंड पाहावं लागायचं. बंडू रेल्वेच्या ऑफिसात कारकून, सासरे त्याच ऑफिसातून निवृत्त, सासूबाई कांताबाई घरातल्या मोठ्या साहेब. मंदाकिनीनं आल्याच्या दुसऱ्या वर्षी पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडलं आणि साड्यांना फॉल-पिको करायला सुरुवात केली. तेव्हापासून बूढापारा काय, ब्राह्मणपारा काय, मराठी घरातली नवी साडी आधी तिच्या सुईखालून जायची आणि मग बाईच्या अंगावर चढायची. राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, बायका मंत्रालयात नोकरीला लागल्या, साड्या वाढल्या. मंदाकिनीचा पाय मशीनवरून उतरला नाही. तिच्या हातातून गेलेल्या साड्या नेसून लोक अंदमान पाहून आले, सिंगापूर पाहून आले. ती स्वतः एकदा पुरीला गेली होती, तेही सासूबाईंना जगन्नाथाचं दर्शन घडवायला. तिथं समुद्रात सगळे उतरले, मंदाकिनी वाळूवर चपला सांभाळत बसली.

तर अशा या बाईला मस्कतचं तिकीट आलं.

मुलगा पियुष तिकडे एसीच्या कंपनीत होता. सून पिंकी भिलाईची, मस्कतच्याच एका शाळेत शिकवायची. जानेवारीपासून कंपनी पियुषला आत वाळवंटातल्या कामावर धाडणार होती. तिथं बायको नेता येत नव्हती, राहतं घर सुटणार होतं आणि पिंकी भिलाईला परत येणार होती. पियुषनं फोनवर सांगितलं, "मम्मी, आना है तो दिसंबर में आ जाओ. बाद में कुछ नहीं हो पाएगा." म्हणजे आत्ता गेली तर गेली, नाही तर मस्कत कायमचं राहिलं.

मंदाकिनीनं पासपोर्ट काढला. चौकशीला आलेल्या पोलिसाला चहा पाजला आणि वर त्याच्या बायकोच्या साडीला फुकट फॉल लावून दिला. पातळ सुती साड्या काढून ठेवल्या, कारण पियुष म्हणाला होता की इथं डिसेंबरातही स्वेटर लागत नाही. नाताळच्या दोन दिवस आधी निघायचं होतं. मशीनवर बसल्या बसल्या ती आता रागानं नाही तर खुशीनं पाय मारायची, आणि मशीनचा आवाज ऐकून शेजारच्या सरोजिनीला ते कळायचं. सरोजिनी भिंतीवरून विचारायची, "किती दिवस राहिले वं?" आणि मंदाकिनी न मोजता सांगायची.

अशात शेखरचा फोन आला.

शेखर म्हणजे बंडूचा धाकटा भाऊ. बरीच वर्षं कॅनडात होता. बायको शर्मिष्ठा पुण्याची. दोघं दर दोन-तीन वर्षांनी नाताळच्या सुट्टीत यायची, कारण त्या काळात तिकडे घराबाहेर नाक काढलं तर नाक राहत नाही, असं शेखरच सांगायचा. लोक ऊन खायला गोव्याला जातात, केरळला जातात. ही दोघं रायपूरला यायची. इथं ऊनही मिळायचं, आईही भेटायची आणि वहिनी तीन वेळ गरम गरम रांधून घालायची.

बंडूनं फोन स्पीकरवर टाकला होता. "आई, येतोय आम्ही. नवीन वर्ष तिथंच," शेखर म्हणाला, आणि कांताबाईंच्या डोळ्यांना धार लागली. आनंद ओसरेपर्यंत मंदाकिनी थांबली. मग म्हणाली, "तेव्हा तं मी मस्कतले जाऊन राहिली."

शेखरनं पलीकडे खाकरून घेतलं आणि बंडूनं फोन बंद केला.

"जाशील न," कांताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मस्कत काय पळून चाललं काय? पाव्हणे घरात असतांना घरची बाई उंबरा ओलांडत नाही. या घरात असं आजवर झालं नाही."

"पियुषचं घर सुटून राहिलं, आई. नंतर जाता येणार नाही."

"मंग नको जाऊ. पोट्टाच येईल इकडे."

मंदाकिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. बंडू पंख्याकडे पाहत होता. डिसेंबराच्या तोंडावर बंद पंख्यात पाहण्यासारखं काय असतं ते तोच जाणे. "आई म्हणते तं..." एवढं बोलून तो थांबला, आणि तिथूनच मंदाकिनीचं आणि त्याचं बोलणं बंद झालं. तिकीट रद्द करू का, असं पियुषनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "हात नको लावू." घरातले मात्र तिनं तिकिटावर पाणी सोडलं असं धरून चालले, आणि तिनंही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. पलंगाखाली बॅग भरलेली होती. ती कशी नेणार, काय सांगून नेणार, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. भांडून निघाली असती तर कांताबाई दारात आडव्या बसल्या असत्या आणि त्यांना ओलांडून जायची तिची छाती नव्हती. एवढी वर्षं रागावूनही ती या घराबाहेर एकदाही पडली नव्हती, हीच तर तिची गोम होती.

पाहुणे आले. बूढापारा मफलरात गुंडाळलेला होता, म्हातारे माकडटोप्या घालून कट्ट्यावर बसले होते, आणि शेखर अर्ध्या चड्डीत रिक्षातून उतरला. "काय मस्त गरम आहे यार इथं," हे त्याचं पहिलं वाक्य. शर्मिष्ठानं दुसऱ्याच दिवशी गच्चीवर चटई अंथरली, काळा चष्मा चढवला आणि बिनबाह्यांच्या झग्यात उन्हाला पाठ देऊन पडली. तिच्या डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणे, की अंगात ऊन कमी पडलं आहे. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याचं वर्तमानपत्र त्या आठवड्यात एकदाही उलटलं गेलं नाही.

चहा गच्चीवर लागायचा. नाश्ता गच्चीवर लागायचा. शर्मिष्ठाला गहू चालत नव्हता, म्हणून तांदळाच्या भाकऱ्या वेगळ्या, तांदळाचे चिले वेगळे. शेखरला गोळाभात हवा, पाटोडी हवी, आणि वर "वहिनी, तुमच्या हाताची चव तिकडे कुठे" हे वाक्य. मंदाकिनी दर खेपेला जिना चढायची आणि दर पायरीला तिच्या मनात एकेक शब्द यायचा. ते शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत.

तोंडानं मात्र ती एकच बोलायची, "हव." छत्तीसगढात हव म्हणजे होय. पण मंदाकिनीचं हव निरनिराळ्या धारेचं असायचं. चहा मिळेल का याला एक हव. पुन्हा मिळेल का याला दुसरं, जरा अधिक परजलेलं. दुपारी पाहुणे झोपायचे तेव्हा ती बरोबर मशीन चालू करायची आणि लग्नसराईच्या सगळ्या साड्यांचा पिको एका दमात काढायची. शर्मिष्ठा केस सावरत बाहेर यायची. "वहिनी, हे थोडं नंतर नाही का होणार?" मंदाकिनी सुईवरून नजर न काढता म्हणायची, "नाही होणार." चहात साखर कमी पडायला लागली, भाजीत मीठ वर जायला लागलं. शेखरनं मिठाचं नाव काढलं तर ती म्हणाली, "पाहुण्यानं नाव ठेवू नये भाऊजी, घरातल्यानं ठेवावं. तुम्ही घरातले असाल तं खाली येऊन पोळी लाटा." शेखर हसला. तो विनोद नव्हता हे त्याला कळलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशीची सकाळ. म्हणजे मंदाकिनीच्या निघायच्या, पाहुण्यांच्या नव्हे. पाहुण्यांना अजून वर्ष संपवून जायचं होतं. ती चहाचा ट्रे घेऊन गच्चीवर गेली तेव्हा शर्मिष्ठा साडी नेसून बसली होती. पायाशी मोबाइलचा तिपाई स्टँड उभा होता आणि शेखर त्याचे पाय लहानमोठे करत होता.

"वहिनी, तुम्ही जाताना माझी ओटी भरता ना नेहमी," शर्मिष्ठा म्हणाली, "ती आज भरा. निघायच्या दिवशी पहाटेचं विमान आहे, अंधारात काही दिसायचं नाही. इथं काय सुंदर ऊन आहे. तिकडच्या मैत्रिणींना दाखवायचंय."

"जायची ओटी जातांना भरतात," मंदाकिनी म्हणाली.

"त्यात काय एवढं? ओटी ती ओटी. सरोजिनीताईंनाही बोलावून घ्या, दोन सवाष्णी दिसल्या की छान वाटेल."

मंदाकिनी जिना उतरून खाली आली. ती चिडली होती ती फक्त आणखी एक काम वाढलं म्हणून. तांदळाचा डबा उघडला, मूठ भरली, आणि तिचा हात डब्यातच थांबला.

कारण या घरात जायच्या ओटीचा एक कायदा होता, आणि तो तिच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. पियुषच्या वेळी सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला गोंदियाला निघाली. तेव्हा सासरे होते, म्हणून कांताबाईंनीच तिची ओटी भरली. तिला घेऊन बंडू स्टेशनवर गेला तर पलीकडे कुठं मालगाडी रुळावरून घसरलेली, गाड्या कधी सुटतील ते सांगायला कुणी नाही. दोघं परत आली. कांताबाईंनी दार अडवलं. जायची ओटी भरली की बाईनं घरात थांबायचं नाही आणि निघाल्यावर त्या खेपेला परत यायचं नाही, आली तर जाणाऱ्याच्या वाटेवर काहीतरी वाईट उभं राहतं, असं त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलेलं. मंदाकिनी तो सबंध दिवस पोट सांभाळत सरोजिनीच्या ओसरीवर बसून राहिली. ताट भिंतीवरून आलं. ताटात सगळं होतं, कांताबाई लोणचंसुद्धा विसरल्या नव्हत्या. घरात मात्र घेतलं नाही.

तिनं डब्यातून मूठ बाहेर काढली. घरातला सगळ्यात चांगला नारळ निवडला. नवा खण काढला, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, सगळं ताम्हणात मांडलं, तोंडावर पाणी मारलं आणि भिंतीवरून सरोजिनीला हाक दिली. शर्मिष्ठाला तिचं एकदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही.

गच्चीवर तिनं ओटी भरली ती अशी, की सरोजिनी पुढे कितीतरी दिवस सांगत होती. हळद-कुंकू लावलं, डोक्यावर पदर नीट केला, नारळाची शेंडी शर्मिष्ठाकडे करून ओंजळीनं सगळं तिच्या पदरात घातलं. "सुखरूप जाजो," ती म्हणाली. "पोचल्यावर फोन करजो." शेखरनं मोबाइलच्या मागून अंगठा दाखवला. मंदाकिनीकडे पाहताच सरोजिनी पार गोरीमोरी झाली. तिला कळलं होतं. पण ती काही बोलली नाही. ओसरी तिचीच होती ना तेव्हा.

शर्मिष्ठा भरला पदर सांभाळत सासूबाईंना दाखवायला खाली गेली. कांताबाई अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. मेथीची काडी हातात तशीच राहिली.

"कोणी भरली?"

"वहिनींनी. छान दिसतेय ना?"

"कोणती ओटी हाये ही?" कांताबाईंनी विचारलं, ते शर्मिष्ठाला नव्हे. मंदाकिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती.

"जायची," ती म्हणाली.

कांताबाईंनी सरोजिनीकडे पाहिलं. सरोजिनीनं मान खाली घातली. कुणी नसतं पाहिलं, तर कदाचित म्हातारीनं सगळं पदरात झाकून टाकलं असतं. पण शेजारीण साक्षीला होती, आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की कांताबाई आपल्या कायद्याला स्वतः भीत होत्या.

"शेखर," त्या म्हणाल्या, "बॅगा भर."

सगळा उलगडा व्हायला वेळ लागला. शेखरला आधी वाटलं आईला भूल पडली. मग तो तापला. "आई, अगं व्हिडिओ होता तो. नाटक होतं. आमचं तिकीट जानेवारीचं आहे."

"देवाले व्हिडिओ समजत नाही. समुद्रावरून जायचं तुम्हाले."

"आई, तं तांदूळ परत डब्यात टाकून देऊ," बंडू म्हणाला. इतक्या दिवसांत त्याचं तोंड उघडलं ते यासाठी.

"ओटीचे तांदूळ डब्यात? असं घर हाये का आपलं?" कांताबाई मेथी सोडून उठल्या. "एक घडी बाहेर जाऊन येतो, असंबी मले सांगू नका. मंदाले मी येऊ देलं होतं काय? पोटुशी होती थे. पोटात माहाच नातू होता. तरी नाही येऊ देलं. आता याच्यासाठी मोडू का मी? याच्यासाठी मोडलं अन् इमानाले काही झालं, तं मंग?"

हे ऐकून मंदाकिनीनं पहिल्यांदाच सासूबाईंकडे नीट पाहिलं. तिची समजूत होती की तो कायदा फक्त सुनेसाठी आहे. म्हातारी लाडक्या लेकालाही त्याच दाराबाहेर काढत होती, हे तिला अपेक्षित होतं आणि नव्हतंही.

शर्मिष्ठाच्या पदरात अजून नारळ होता. तो कुठं ठेवायचा हेही तिला कुणी सांगत नव्हतं. "वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं," ती म्हणाली.

"हव."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं. एकदा."

"म्हणजे मुद्दाम केलंत तुम्ही."

"मुद्दाम केलं," मंदाकिनी म्हणाली. बोलताना तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तुमच्या सुट्टीसाठी माही सुट्टी गेली, तेव्हा कोणी मले विचारलं काय? तू तं विचारलंबी नाही का वहिनी, तुमचं मस्कतचं काय झालं. मी इथं राहिली असती तं वर्ष संपेपर्यंत रोज तुले शिव्या देत चहा आणून देला असता. तो पिण्यापेक्षा हे बरं."

"शी," शर्मिष्ठा म्हणाली. एवढंच.

दुपारपर्यंत व्हीआयपी रोडवरच्या एका हॉटेलात खोली मिळाली. शेखरनं बॅगा स्वतः उचलल्या, भावाला हात लावू दिला नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून तो म्हणाला, "दादा, या घरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. वहिनींना सांग, खूश राहा म्हणावं." वहिनी दोन हातांच्या अंतरावरच उभी होती. तिला सांगायला कुणाची गरज नव्हती. कांताबाई दारात उभ्या राहिल्या, गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत रडल्या नाहीत, आणि मग आत येऊन त्याच मेथीपुढं बसल्या. मेथी सुकून गेली होती.

संध्याकाळी मंदाकिनीनं पलंगाखालची बॅग ओढून बाहेर काढली. कांताबाई खोलीच्या दारात आल्या.

"आता जाशील."

"हव. पाव्हणे नाहीत आता घरात."

"तुही ओटी कोण भरन? मी भरू शकत नाही. घरची सवाष्ण म्हणून एक जाऊ होती, तिले तू काढून देलं."

"नाही भरली तं नाही. मंग परत येता येते."

कांताबाईंनी हे गिळलं. चौकट धरून उभ्या राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "माही उमर झाली. थे पोट्टं मले पुन्हा दिसन का नाही, कोणाले माहीत." हे टोमणा मारायला म्हटलेलं नव्हतं. मंदाकिनीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तिनं चेन ओढून बॅग बंद केली.

सकाळी बंडूनं तिला गावाबाहेरच्या माना विमानतळावर सोडलं. उतरताना फक्त म्हणाला, "आईले अन् मले डबा लावून देला तू?" तिनं डबा लावून दिला होता, शेजारच्या गल्लीतल्या बाईकडे, दोन्ही वेळचा. ती आत गेली.

मस्कतचं ऊन तिला फार आवडलं. रायपूरचं ऊन डोक्यावर बसतं, हे नुसतं खांद्यावर हात ठेवून उभं असायचं. पियुषच्या घराला लहानशी बाल्कनी होती. तिथं ती एका खुर्चीवर बसायची आणि दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवायची. जन्मात पहिल्यांदा तिच्यासमोर कुणीतरी नाश्त्याची बशी आणून ठेवत होतं आणि उचलूनही नेत होतं. आधी तिला अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्या दिवशी कमी झालं, मग अजिबात झालं नाही. पियुषनं संध्याकाळी समुद्रावर नेलं. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती पाण्यात उभी राहिली, लाटा आल्या की लहान पोरीसारखी किंचाळली. चपला पिंकीनं सांभाळल्या.

पिंकी फार मर्यादेनं वागायची. "जी मम्मी जी," एवढंच म्हणायची. पोहे हवेत? जी मम्मी जी. दुपारी वरण-भात टाकतेस? जी मम्मी जी. हे जी मंदाकिनीच्या कानाला कुठंतरी ओळखीचं वाटायला लागलं. मग स्वयंपाकघरातून डब्यांचा आवाज यायला लागला. डबा ओट्यावर ठेवणं वेगळं आणि डबा ओट्यावर ठेवून देणं वेगळं, यातला फरक मंदाकिनीला कुणी शिकवायला नको होता. ती भाषा ती जन्मभर बोलत आली होती. पोह्यात मीठ जास्त होतं. तिनं नाव काढलं नाही.

पियुष कामावर गेलेला असताना एका सकाळी ती पाणी प्यायला उठली, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकली. पिंकी पाठमोरी उभी होती. फोन कानाला लावून आईशी बोलत होती.

"छुट्टियाँ मिली थीं मम्मी, साल भर में यही मिलती हैं. सोचा था दोनों कहीं घूम आएँगे. फिर तो ये रेगिस्तान में और मैं भिलाई में, पता नहीं कितने साल." मग जरा थांबून म्हणाली, "उनको बोलूँ भी कैसे? उनकी माँ हैं. मुझसे तो किसी ने पूछा भी नहीं."

मंदाकिनी पाणी न पिता परत आली. खुर्चीवर बसली. आपण घाबरलो आहोत असं तिला वाटलं, आणि कशाला घाबरलो ते कळेना. शर्मिष्ठा तिच्या डोळ्यांपुढे आली, चटईवर पालथी पडलेली, काळा चष्मा लावलेली. त्या बाईलाही कदाचित असंच बरं वाटत असेल. थंडीत गोठून आलेली होती बिचारी. हा विचार मंदाकिनीला मुळीच आवडला नाही. तिनं तो झटकला, तर तो पुन्हा आला.

काय करायला हवं ते तिला चांगलं कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही दोघं जाऊन या, मी राहीन घरी. दोन-चार दिवस ती एकटी सहज राहिली असती. स्वयंपाक येत होता, दार लावता येत होतं. वाक्य सोपं होतं, हिंदीतही सोपं होतं, ओठापर्यंत आलंही होतं.

संध्याकाळी पियुष आला. बूट काढता काढता त्यानं विचारलं, "मम्मी, कल से मेरी भी छुट्टी है. बताओ, क्या करना है?"

पिंकी हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं सासूकडे पाहिलं. मंदाकिनीनं तिच्याकडे पाहिलं. दोघींची नजर बराच वेळ एकमेकींवर राहिली, आणि मंदाकिनीला कळलं की सकाळी आपण दाराशी उभं राहून ऐकलं हे या पोरीला माहीत आहे. तिला सगळं माहीत आहे, आणि ती वाट पाहते आहे.

"समंदर पे," मंदाकिनी म्हणाली. "रोज चलेंगे. तीनों."

"जी मम्मी जी," पिंकी म्हणाली आणि आत गेली.

आत डबा वाजला. मंदाकिनीनं पाय समोरच्या खुर्चीवर घेतले. तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती की पियुषकडे तिला पाहवेना. उतरतं ऊन बाल्कनीत आलं होतं, आणि ते फार छान होतं.